जहाँआरा डायरेक्ट करून देत नाही

जुन्नरच्या बाजारपेठेमागच्या बोळात मोटार वायंडिंगचं एक दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, वार्निशचा उग्र वास, भिंतीला टांगलेल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या आणि दारात उलट्या करून ठेवलेल्या जळक्या मोटारी. पाटीवर नाव पीरमहंमद यांचं आहे, पण गेली अठरा वर्षं दुकान चालवते त्यांची लेक जहाँआरा. वय एक्केचाळीस, अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक तिला आपा म्हणतं आणि बोळाबाहेर पडलं की आणखी काहीबाही म्हणतं. तिला दोन्ही ठाऊक आहे.

तिच्याविषयी तालुक्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती म्हणजे ती डायरेक्ट करून देत नाही.

ज्यांच्या घरी विहीर नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतावरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक छोटी डबी असते. विजेच्या तीन फेजपैकी एखादा आला नाही की ती डबी मोटार बंद करते, म्हणजे मोटार जळत नाही. आता आपल्याकडची लाईट तुम्हाला माहीत आहे. ती येते तीच लंगडत येते. मग पिकाला पाणी द्यायचं असलं की माणूस डबीवरच चिडतो. दोन इंच तारेचा तुकडा घ्यायचा, डबीला वळसा घालून जोडायचा, की डबी मुकी होते आणि मोटार चालू राहते. याला म्हणायचं डायरेक्ट करणं. जुन्नर-आंबेगावात या कामाला वायरमन सुद्धा लागत नाही, दहावी नापास पुतण्या पुरतो.

अवसरी बुद्रुकचे कुशाबा एकदा स्टार्टर पिशवीत घालून तिच्याकडे आले होते. टोमॅटो माना टाकत होते, माणूस घायकुतीला आलेला. "आपा, लई झालं, डायरेक्ट करून दे," म्हणाले. ती म्हणाली, "न्हाई." ते तास-दीड तास बाकड्यावर बसून राहिले. दर दहा मिनिटांनी विचारायचे आणि ती दर दहा मिनिटांनी न्हाई म्हणायची. शेवटी त्यांनी दुसरीकडून काम करून घेतलं, आणि आठव्या दिवशी जळकी मोटार टेम्पोत घालून हिच्याच दारात आणली. तिनं मोटार नव्या तारेनं उत्तम भरून दिली. डबीही पुन्हा बसवून दिली. पण दुकानातल्या चार माणसांदेखत त्या म्हाताऱ्याला जे झाडलं त्याची काही गरज नव्हती, हे आम्हीही तिला सांगितलं आहे. ती ऐकून घेत नाही.

लोकांना वाटतं, हिच्या घरात कोणीतरी शॉक लागून गेलं असणार, म्हणून ही अशी झाली. तसलं काही नाही. कारण तिचे वडील आहेत, आणि ते अजून चांगले धडधाकट आहेत. पीरमहंमद म्हणजे हाताला सोनं लागलेला कारागीर. पण गिऱ्हाईक समोर आलं की त्यांच्या पाठीचा कणा वितळायचा. कोणी म्हटलं डायरेक्ट करा, की ते म्हणायचे, "जशी तुमची मर्जी." चौदा वर्षांची जहाँआरा कोपऱ्यात बसून कॉइलचे वेढे मोजत असायची. ते शब्द कानावर पडले की तिचे कान तापायचे, आणि मोजणी चुकायची. मागणाऱ्याचा राग यायचा, त्याहून जास्त बापाचा यायचा. ज्याला चूक काय ते कळतं त्यानं मान का डोलवायची, हे तिला तेव्हा समजलं नाही आणि आजही समजत नाही. दुकान तिच्या हाती आलं त्या दिवशी तिनं ठरवलं, या हातानं तो तुकडा लागणार नाही.

पुढं नुसत्या मोटारींवर तिचं मन भरेना. नारायणगाव, आळेफाटा, बेल्हे या पट्ट्यात वर्कशॉपं वाढली. चाकणच्या कारखान्यांतली जुनी सीएनसी यंत्रं भंगाराच्या भावानं इकडं येऊ लागली. सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमानं चालणारं यंत्र. आकडे द्यायचे, ते लोखंड कापतं. या यंत्रांचं धड ठणठणीत असतं, मेंदू मेलेला असतो. जुना मेंदू काढून नवा कंट्रोलर बसवायचा आणि सगळी वायरिंग नव्यानं ओढायची, हे काम तिनं मेलेली पॅनेल उघडून, एकेका तारेचा नंबर वहीत उतरवून स्वतः शिकून घेतलं. अशी आठ यंत्रं तिनं उभी केली होती. नववं बेल्ह्याच्या सोपान बांगराचं.

सोपानच्या घरात तीन पिढ्या बैलांचा नाद. बेल्ह्याच्या बाजारात बांगरांचा बैल उतरला की माणसं टेम्पोवर चढून बघायची. सोपाननं बैल कमी केले, वर्कशॉप घातलं, कांदा निवडायच्या यंत्रांचे शाफ्ट आणि ब्रॅकेट करू लागला. वीस वर्षांचं जुनं मिलिंग मशीन त्यानं आणलं तेव्हा क्रेनवाल्याला फेटा बांधला. मशीनवर झूल घालायची तेवढी बाकी ठेवली.

जहाँआरानं त्या यंत्रावर अकरा दिवस काढले. त्यातले तीन दिवस गेले नुसत्या स्विचांवर. यंत्राचं टेबल पुढंमागं, डावीउजवीकडं धावतं, आणि कापणारं डोकं वरखाली होतं. प्रत्येक वाटेच्या दोन्ही टोकांना एकेक लिमिट स्विच. टेबल हद्दीबाहेर जायला लागलं की स्विच दाबला जातो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. शिवाय प्रत्येक वाटेला एकेक होम स्विच. सकाळी यंत्र चालू केलं की त्याला आपण कुठं उभे आहोत हेच माहीत नसतं. ते आधी हळूहळू होम स्विचला जाऊन टेकतं आणि तिथून अंतर मोजायला लागतं. होम चुकलं तर पुढचं सगळं मोजमाप चुकलं.

सोपान शेजारी स्टूल टाकून बघत होता. त्यानं विचारलं, "आपा, ह्या लिमिटमधनं करंट चालूच ठेवला तुमी. दाबल्यावर यायला पायजे ना?"

"दाबल्यावर जायला पायजे," ती म्हणाली. "गावात राखणदार फिरतो, काठी आपटतो. काठी वाजती तवर गाव निवांत झोपतं. वाजायची थांबली की उठायचं. मग तो झोपला आसंल, पडला आसंल, न्हाई तर कुनी धरला आसंल. कारन काय का आसना, उठायचं. तसा हा करंट. चालू हाय तवर बरं हाय. गेला की मशीन थांबनार."

"आन उंदरानं तार कुरतडली तर?"

"तरीबी थांबनार. उलटं जोडलं आसतं तर तार तुटल्याली तुमाला कळली बी नसती, टेबल जाऊन भिताडाला धडकलं आसतं तवा कळली आसती."

सोपानला ते पटलं. त्यानं तिला चहा पाजला, यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. यंत्र सुरू झालं आणि सव्वा महिना सुरेख चाललं.

मग फोन आला. यंत्र चालता चालता मधेच थांबतं. पडद्यावर लाल अक्षरात लिमिट लागली म्हणून येतं, आणि टेबल तर मध्यावर उभं असतं. जहाँआरा स्कुटी काढून गेली. मीटर लावून सगळे स्विच तपासले, सगळे बरोबर. तिला वाटलं, डोकं फिरवणाऱ्या मोटारीचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हमधून स्विचच्या तारांत गडबड शिरत असणार. तिनं त्या तारा वेगळ्या पाइपातून ओढल्या, त्यांच्यावरची जाळी नीट अर्थिंगला जोडली, दिवसभर राबली. चार दिवसांनी यंत्र पुन्हा थांबलं. ती पुन्हा गेली आणि पुन्हा हात हलवत परत आली. जुन्नरला पोचेपर्यंत तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की घरी कोणाशी धड बोलली नाही.

पीरमहंमदांनी तेवढ्यात तोंड घातलंच. एका स्विचचा तर प्रश्न आहे, गिऱ्हाईक म्हणालं तर डायरेक्ट करून टाक, इतका हट्ट बरा नव्हे, असं म्हणाले. ती ताटावरून उठली.

तोवर बोलवा पसरायला वेळ लागला नाही. बेल्हे-आळेफाटा भागातले आणखी तीन वर्कशॉपवाले जुनी यंत्रं आणून तिची वाट बघत होते. त्यांच्यातल्या एकानं सोपानला म्हटलं, बाईमाणसाच्या हातचं वायरिंग, असंच व्हायचं. सोपाननं ते तिला फोनवर ऐकवलं, आणि वर म्हणाला, "आपा, सोमवारी सांजच्याला मंचरची पार्टी शाफ्ट न्याया येनार हाय. तुमी सोमवारी या आन तेवडी एक लिमिट डायरेक्ट करा. नसंल जमत तर आमचा भिका हाय."

भिका म्हणजे बेल्ह्याचा वायरमन. भला माणूस, पण त्याच्या खिशात तारेचे तुकडे विडीच्या बंडलाशेजारी ठेवलेले असतात. आता जहाँआरापुढं गणित सरळ होतं. तिनं किंवा तिच्यादेखत कोणी तो तुकडा लावला, की अठरा वर्षं ती जे ताठ मानेनं न्हाई म्हणत आली ते संपलं. आणि नाही लावू दिला तर या पट्ट्यातलं पुढचं एकही यंत्र तिच्या हाती यायचं नाही.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार. रस्त्याला बैल, टेम्पो, मोटारसायकली, त्यातून वाट काढत ती अकराला पोचली. वर्कशॉपमध्ये सोपान होता, भिका होता, आणि बाजारला आलेले पाचसहा जण दाराशी टेकून उभे होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो? भिकानं पॅनेलचं दार उघडून ठेवलं होतं. तिनं आधी ते बंद केलं, कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"आपा, मशीन माजं हाय," सोपान म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"मशीन तुमचं. वायरिंग माजं. नको आसंल तर सगळं उतरवून नेते, मग तुमी भिकाभाऊला सांगा नव्यानं ओढायला."

भिका हसून म्हणाला, "मी रोज धा जागी डायरेक्ट करतो राव. कुनाचं काय झालं न्हाई."

"ज्यांचं झालं ते माज्याकडं येत्यात. मोटार टेम्पोत घालून."

दाराशी कोणीतरी खुसखुसलं. सोपाननं घड्याळाकडं बघितलं. ती म्हणाली, "दुपारपातुर वेळ द्या," आणि उत्तराची वाट न बघता यंत्राच्या मागं जाऊन बसली.

या खेपेला तिनं तारांकडं बघितलंच नाही. इतके दिवस ती स्वतःच्या तारांवर संशय घेत होती, आता तिनं स्विचच उघडायला घेतले. पहिले दोन कोरडे होते. तिसरा, टेबल मागं जातं त्या टोकाचा, त्याचे स्क्रू सैल केले आणि झाकण उचललं तशी आतून पाण्याची धार तिच्या मनगटावर आली. करंट जोडणाऱ्या आतल्या चकत्यांवर निळसर हिरवा थर चढला होता. तिनं तो नखानं खरवडला आणि उजेडात धरला. हा निळा रंग ती ओळखत होती. द्राक्षबागायतदारांच्या स्टार्टरमध्ये तो तिनं शंभरदा पाहिला होता. मोरचूद.

ती उठून पुढं आली. "मशीन कशानं धुतलं?"

 भिका सोपानकडं बघायला लागला. सोपान खाली बघायला लागला.

"भाऊ, मी इचारलं, कशानं धुतलं?"

"अवसंला," सोपान म्हणाला. "दर अवसंला धुतो मी सोता. नारळ फोडायच्या आधी. पंपानं." मग पुटपुटत, "फवारनीच्या."

तर असं होतं. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारायचा तो मोठा पंप, ज्याच्या धारेनं ट्रॅक्टरच्या चाकातला वाळका चिखल निघतो, त्या पंपानं हा गडी दर अमावस्येला यंत्राला आंघोळ घालत होता. वडील बैलांना घालायचे तशी. अंगावर, पोटाखाली, शेपटाकडं, कुठं मळ राहू नये म्हणून. टाकीच्या तळाशी राहिलेलं मोरचूद त्या धारेबरोबर गेलं, स्विचच्या झाकणातून आत शिरलं आणि चकत्या खाऊ लागलं. यंत्र उभं असताना चकत्या टेकलेल्या असायच्या म्हणून मीटर सगळं बरोबर दाखवायचा. यंत्र जोरात धावलं की थरथरीनं त्या क्षणभर सुटायच्या. राखणदाराची काठी वाजायची थांबत होती, आणि यंत्र सांगितल्याप्रमाणं थांबत होतं.

जहाँआराला खरं तर मोठ्यानं हसावं की बोंब मारावी कळेना. तिनं उघडा स्विच सोपानच्या तळहातावर ठेवला. "उलटं जोडलं आसतं तर हा मुका झाला आसता आन तुमाला पत्ता लागला नसता. ह्यो इतकं दिस वरडून सांगतोय, आन तुमी त्याचंच तोंड बांधाया निगालात."

सोपान शरमला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं ते लपवलंही नाही. पण शरमलेला माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. तो म्हणाला, "बरं, चूक माजी. पन नवा स्विच पुन्याहून बुधवारी येनार. पार्टी आज येनार. दोन दिस, आपा. फक्त दोन दिस डायरेक्ट करू. आता तर कारन बी कळलंय."

दाराशी उभ्या असलेल्यांनी माना डोलावल्या. बोलणं वाजवी होतं. इथं दुसरं कोणीही असतं तर जिंकल्याच्या समाधानात हो म्हणालं असतं. तिच्याही मनात आलं, की आता हट्ट धरला तर खरी असूनही मीच वेडी ठरणार. तिनं ओढणीची गाठ सोडली, किल्ली काढली आणि पॅनेल उघडलं.

"लावा, भिकाभाऊ. हात तुमचा, माजा न्हाई."

भिकानं तार लावली. पडद्यावरची लाल अक्षरं गेली. सोपाननं सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात तिनं यंत्र चालवायचा बटणांचा डबा त्याच्या हातात दिला.

"आता होम करू नका. टेबल मागं सोडा, चौथाई वेगात. मी थांबा म्हनंस्तवर बटनावरनं अंगठा काडायचा न्हाई."

"आन टोकाला गेलं तर?"

"दोन दिस आसंच चालवनार हाय ना? मग आता काय भ्यायचं?"

सोपाननं बटण दाबलं. टेबल निघालं. हे सांगायलाच हवं की जहाँआरानं मोठा डाव लावला होता. त्यानं खरंच अंगठा धरून ठेवला असता तर टेबल सरकवणारा आतला लांब स्क्रू गेला असता, आणि मग तालुका एका तोंडानं म्हणाला असता की बाईनं हट्टापायी यंत्र मोडलं. तिनं नजर टेबलावर ठेवली. टोक हातभर लांब राहिलं. वीतभर राहिलं. बाजारातून बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता. सोपानचं कपाळ घामानं भिजलं, आणि टोक चार बोटांवर आलं तसा त्याचा अंगठा आपोआप वर उठला.

"मी थांबा म्हनले न्हवते," जहाँआरा म्हणाली.

सोपान टेबलाकडंच बघत राहिला.

"तुमी बगत व्हता, तुमचा जीव हाय त्याच्यावर, म्हून अंगठा उठला. दोन दिसात तुमी जेवाया जानार, फोन घेनार, गिऱ्हाईकाशी बोलत बसनार. तवा कुनाचा अंगठा उठंल, ते सांगा. नाव सांगा त्याचं, मी आत्ता जाते घरला."

 भिकानं विडी काढली आणि न पेटवता परत ठेवली. तेवढ्यात सोपानच्या खिशातला फोन वाजायला लागला. मंचरची पार्टी होती. त्यानं तो तसाच वाजू दिला, हातातला डबा खुंटीला लावला आणि म्हणाला, "भिका, तार काढ."

भिकानं तार काढली. पडद्यावर लाल अक्षरं परत आली. मग सोपाननं फोन कानाला लावला.

"न्हाई, शाफ्ट आज न्हाई मिळायचं," तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ आवाज चढत राहिला. सोपान ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत होता. जहाँआरा पान्हा हातात घेऊन उभी होती. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

"मशीन बिगडल्यालं न्हाई," सोपान म्हणाला, आता दाराशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "वायरिंग बी बराबर हाय. मीच बंद ठेवलंय. दुसरीकडं जानार आसाल तर जावा पावणं, पन हे मशीन बुधवारच्या आत चालायचं न्हाई."